गॅसचा विटाळ

सावरपाड्याला गॅस आला तो दुष्काळाच्या मागोमाग. शहाऐंशी साली पाऊस मृगात तोंड दाखवून गेला तो पोळ्यालाच परतला, आणि सत्त्याऐंशी साली तर त्याने तेवढीही भीड ठेवली नाही. त्यात जंगल खात्याने डोंगर बंद केला. मोळीला गेलेल्या बायांच्या हातातले विळे रखवालदार हिसकावून घेऊ लागला. रिकाम्या डोक्याने परतलेल्या बाया घरी येऊन चुलीपुढे नुसत्या बसून राहायच्या.

अशात पिंपळनेरच्या बाजूने एक सरकारी जीप आली. जीपमधले साहेब तरुण होते, तळमळीचे होते. चावडीत उभे राहून त्यांनी सांगितलं की, आता पावसाचा भरवसा धरू नका. लाकूड संपत चाललंय, पुढचे दिवस याहून कठीण येतील. गावाने आपली आग आपणच तयार केली पाहिजे. साऱ्या गावाचं शेण एका ठिकाणी कालवायचं, जमिनीत बांधलेल्या विहिरीत सोडायचं. वर उलटी लोखंडी टाकी. खाली शेण कुजलं की गॅस होतो, टाकी वर उचलली जाते, आणि नळीने तो घरोघरच्या शेगडीत जातो. धूर नाही, मोळी नाही. गाव खूश झालं. फुकटचं म्हटल्यावर आमचं गाव खूश व्हायला फार वेळ घेत नाही.

प्रश्न जागेचा आला. साहेबांना हवी होती तशी मोकळी आणि उताराची जागा गावात एकच होती, बौद्धवाड्याच्या तोंडाशी. वरच्या अंगाला सरपंच जीवराम आबांचा वाडा आणि त्यांच्या भावांची घरं. खालच्या अंगाला एका हाताला बौद्धवाडा, दुसऱ्या हाताला गिरधर नानांचं अंगण. मधली ती जागा बौद्धवाड्याने विहारासाठी राखून ठेवली होती. आबा स्वतः बौद्धवाड्यात आले. इतक्या वर्षांत मत मागण्याखेरीज ते तिथे आले नव्हते. द्रौपदाबाईच्या दारात टाकलेल्या बाजेवर बसले. चहा पुढे आल्यावर आत्ताच घेतला म्हणाले, आणि जागेच्या बदल्यात गॅसची पहिली नळी वाड्याला देतो, असा शब्द दिला.

वाड्यातली माणसं कां-कू करत होती. हो म्हणायला लावलं ते द्रौपदाबाईने. तिचा नवरा चिंधा ऊसतोडीला गेला की सहा-सहा महिने सुरतेच्या बाजूलाच असायचा. घरात ती आणि तिची सासू तानुबाई. तानुबाईचा जन्म चुलीपुढे गेला होता. डोळ्यांच्या कडा कायम लाल, पाणी गळणाऱ्या, आणि छाती अशी की एका भाकरीला दोनदा उठून दाराशी यावं लागे. द्रौपदाबाईने शेजारच्या मंदाबाईला, तिच्या जावेला, साऱ्या बायांना समजावलं. विहार काय, पुढच्या वर्षी दुसरीकडे बांधू, आधी म्हाताऱ्यांच्या छातीतला धूर तर जाऊ दे. तिच्या शब्दावर वाड्याने जागा दिली.

गॅस उभा राहिला आणि शेण कालवायचं काम द्रौपदाबाईलाच मिळालं. दुसरं कोणी करायला तयार नव्हतं हे खरं कारण. उजाडता उजाडता गावातल्या बाया टोपल्या घेऊन येत. विहिरीशेजारी शेण कालवायला बांधलेल्या कुंडीपासून चार हात लांब उभ्या राहून टोपली अशी झोकत की शिंतोडा आपल्या लुगड्यावर येऊ नये. तो कुणाच्या अंगावर यायचा ते सांगायला नको. द्रौपदाबाई लुगडं खोचून कुंडीत उतरायची. पाणी ओतायचं आणि पायाने तुडवायचं. मग कोपरापर्यंत हात घालून चिपाडं, खडे, दोऱ्या, पोरांनी टाकलेल्या बाटल्यांची बुचं चाचपून काढायची, नाहीतर खालची नळी तुंबायची. कालवण ताकासारखं झालं की बोळा काढायचा, की ते गळागळा विहिरीत जायचं. शेणाची तिला किळस नव्हती. शेणात हात घालूनच ती लहानाची मोठी झाली होती. अंगाला येणारा आंबूस वास तेवढा आंघोळीने जायचा नाही.

गावातल्या शेगड्या आधी पेटल्या, वाड्याची नळी मागून येणार होती. निळी ज्योत बघायला पहिले आठ दिवस बाया एकमेकींच्या घरी जात. वाड्यातल्या चुलींचे मात्र हाल झाले. डोंगर आधीच बंद झालेला, आणि पूर्वी रस्त्यावरचं शेण वेचून गोवऱ्या तरी थापता यायच्या, तेही आता गॅसचं झालं. रस्त्यावर पो पडला की गावातलं कोणीतरी ओरडायचं, ते गॅसचं आहे, हात लावू नका. वाड्यात निवडुंग जळू लागला, फाटक्या चपला जळू लागल्या. सायकलच्या टायरवर भाजलेली भाकर ज्याने खाल्ली असेल त्यालाच तिची चव ठाऊक. तानुबाईचा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. मंदाबाई रोज कुंडीशी येऊन विचारायची, नळी कधी येते. द्रौपदाबाई सांगायची, येईल, आबांचा शब्द आहे.

वाड्याची नळी आली, साहेबांनी ती जीपला बांधून आणली. मग चावडीत बैठक बसली. बाया खाली पायऱ्यांपाशी बसल्या, त्यात द्रौपदाबाईही होती, इतरांपासून थोडी बाजूला. गिरधर नाना उठले. नाना माळकरी, बोलण्याने गोड, कोणाला कधी वाईट शब्द बोलायचे नाहीत. त्यांनी हात जोडून साहेबांना विचारलं की, टाकी एक, नळी एक; मग वाड्यातल्या शेगडीतला गॅस उलटा आमच्या घरात येणार नाही कशावरून?

साहेब हसले. मग बाकी कोणी हसत नाही हे पाहून गप्प झाले. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की गॅस एकाच दिशेने जातो, शेगडीत जळाला की संपला, परत यायला तो काही पाहुणा नाही. नानांनी चित्र नीट पाहिलं, मान डोलावली.

"साहेब, तुम्हनं बरोबर शे," ते म्हणाले. "पन नळी एक म्हंजे ताट एक. उद्या त्या मटन शिजाडतीन, ते वास आम्हना देवघरमा येई."

चावडीत गुणगुण उठली, ती सगळी नानांच्या बाजूची. शिकलेला लीलाधर मास्तरही म्हणाला की, शास्त्र आपल्या जागी आहे पण लोकभावना बघावी लागते. आबांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना शांत केलं. वाड्यासाठी वेगळी छोटी टाकी मागू, सरकार देईल, तोवर नळी माझ्या गोठ्यात राहील म्हणाले. साहेबांनी कागदाची घडी केली आणि जीपमध्ये जाऊन बसले. द्रौपदाबाईने कालवलेलं शेण ज्यांना रोज चालत होतं, त्यांना तिच्या घरातली ज्योत चालत नव्हती. सोवळं म्हणतात ते असं असतं, आपल्या सोयीचं तेवढं पाळायचं.

वाड्यातल्या बाया तिला काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मंदाबाईने नळीचं विचारणं तेवढं सोडून दिलं.

मार्गेसर महिना संपला आणि गुरांना चारा उरला नाही. बाजाराच्या दिवशी गावातून बैलांची रांग निघायची, संध्याकाळी माणसंच परतायची. कोणी छावणीला नेली, कोणी खाटकाला दिली आणि घरी छावणीचं सांगितलं. शेण आटलं. टाकी दिवसेंदिवस खाली बसू लागली, ज्योत पिवळी पडली, आणि गावातल्या बाया कुंडीपाशी येऊन द्रौपदाबाईवरच करवादू लागल्या की, तू नीट कालवत नाहीस.

मग एकाएकी टाकी थोडी वर आली. शेण तर वाढलं नव्हतं. गाव म्हणालं, आबांनी वरून काहीतरी औषध आणलं असेल. द्रौपदाबाईला मात्र कुंडीचा वास बदललेला जाणवत होता. सकाळी ती उतरायची तेव्हा कुंडीत आधीच पाणी असायचं, काळपट, वर फेस. तिला वाटलं, गुरं कुजका कडबा खातात, शेणाला वास येणारच. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग तिथे बारीक पुळ्या आल्या, त्या फुटल्या. तिने हळद-तेल लावलं आणि काम चालू ठेवलं. काम सोडलं तर नळीचा उरलासुरला शब्दही जाईल, ही एकच धास्ती तिला होती.

एका सकाळी ती कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपत असताना वरच्या अंगाच्या भिंतीतून भसकन पाणी आलं. तिने हात तिकडे नेला. भिंतीत, पाण्याच्या पातळीखाली, एक नवा रुंद पाइप बसवलेला होता. पाइपाच्या तोंडातून काहीतरी येऊन तिच्या उजव्या मनगटाला लागलं आणि पालथ्या हातावरून सरकत पुढे गेलं. ते शेण नव्हतं. वर तरंगून आल्यावर तर शंकाच उरली नाही.

ती कुंडीतून कशी बाहेर आली ते तिला कळलं नाही. कुंडीच्या काठावरच ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं. घरी येऊन तिने हात राखेने घासले, मग चुन्याने, मग रॉकेलने. फुटलेल्या पुळ्यांवर रॉकेल गेलं तेव्हा तिने पदर दातांत धरला. तानुबाई विचारत राहिली काय झालं, आणि ती सांगत राहिली काही नाही. म्हातारीला काय सांगणार? तानुबाईच्या नवऱ्याने, द्रौपदाबाईच्या सासऱ्याने, छप्पन साली धम्म घेतला त्या दिवशी घरातली मैल्याची टोपली नदीवर नेऊन जाळली होती. आपल्या घरातला हात यापुढे या कामाला लागणार नाही, असं साऱ्या वाड्यासमोर सांगितलं होतं. आणि सुनेचा हात कित्येक दिवस त्यातच होता, तिला न सांगता, न विचारता. तिला स्वतःच्याच हातांची शिसारी आली. पुढचे कितीतरी दिवस ती डाव्या हाताने जेवली.

दुपारी ती आबांच्या वाड्यावर गेली. आबा ओसरीवर होते. धुळ्याकडची सून घरात आली म्हणून आबांनी नवा संडास बांधला, त्यांच्या दोन्ही भावांनीही बांधले, हे गावाला माहीत होतं. तिघांचं मिळून खाली कुठे जातं, हे कोणी विचारलं नव्हतं. आबांनी लपवलंही नाही. संडास गॅसला जोडावेत ही सरकारचीच योजना आहे म्हणाले. पाइप खरं तर विहिरीत जायला हवा, पण विहिरीची भिंत फोडली असती तर गॅस बंद पडला असता, म्हणून कुंडीत सोडला.

"माले सांगं का नही, आबा?"

"सांगतू ते तू हात घालती का?"

आबांनी पानाला चुना लावला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगीनमा गयं का बठ्ठं शुद्ध व्हई जास, द्रौपदाबाई."

"मंग आम्हनी चूलनाच विटाळ कसा काय व्हस?"

आबांनी दुसरंच बोलणं काढलं. तानुबाईची तब्येत कशी आहे म्हणाले. नळी गोठ्यात पडूनच आहे. वाड्याला नाही देता येत, पण एका घराला, गावाला फार कळू न देता, देता येईल. कालवायला काठी घे, हात घालू नकोस. आणि तोंड उघडू नकोस.

द्रौपदाबाई नाही म्हणाली नाही. इथे तिला थोर करून सांगण्यात अर्थ नाही. रात्रंदिवस तो खोकला ऐकणाऱ्या बाईला नाही म्हणणं सोपं नसतं. आबांच्या गड्याने, छगनने, मागच्या अंगाने चर खणून तिच्या घरात नळी आणली. शेगडी ठेवली, चावी फिरवली, काडी लावली. तानुबाई ज्योतीजवळ तोंड नेऊन बसली. निळं तिला दिसत नव्हतं, पण धूर नाही हे कळत होतं. तिने स्वतःच्या हाताने भाकर थापली आणि एकदाही न उठता भाजली. भाकर फुगली तेव्हा म्हातारी हसली.

द्रौपदाबाईने घास तोंडात घातला आणि तो गिळेना. भाकरीला कसलाही वास नव्हता, तरी तिला तो येत होता. तेवढ्यात दारात मंदाबाई दिसली. विस्तव मागायला आली होती, हातात फुटकं खापर. तिने शेगडीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, मग द्रौपदाबाईकडे.

"मंग आम्हना घरले कधी येई?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता विस्तव न घेताच निघून गेली.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी द्रौपदाबाईच्या मनात एकच होतं, की आपणही खाल्लं. आबांनी खाऊ घातलं आणि आपण खाल्लं. तिला आबांचा राग आला त्याहून जास्त आपला आला. तिसऱ्या सकाळी बाया टोपल्या घेऊन आल्या, त्यांच्यासोबत काही पुरुषही होते. गिरधर नाना तांब्या घेऊन नदीवरून परतत होते. ती कुंडीत उतरली नाही. काठीने तिने बोळा सारून कुंडीतलं पाणी उतरू दिलं आणि पाइपाचं तोंड सगळ्यांना दाखवलं. त्यातून काय येतं ते सांगितलं, आणि कधीपासून येतं तेही. वेगळं दाखवायची गरज पडली नाही, ते वर तरंगतच होतं.

बायांनी पदर नाकाला लावले. एक-दोघी मागे सरून ओकाऱ्या देऊ लागल्या. शेवंताबाई म्हणाली की तिच्या सासऱ्याचं श्राद्ध याच गॅसवर झालं, आणि रडू लागली. द्रौपदाबाईला वाटलं, आता होईल काहीतरी. आता हे सगळे मिळून आबांच्या दारात जातील. गिरधर नाना पुढे झाले. कुंडीत डोकावून पाहिलं, बाजूला तोंड करून थुंकले आणि उपरण्याने तोंड पुसत त्यांनी विचारलं, "कोनं शे हाई?"

"आबास्ना घरनं. त्यास्ना भाऊस्ना घरनं."

नानांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"आबानं शे का? मंग काही नही," ते म्हणाले. "माले वाटनं तुम्हना वाडानं शे."

कोणीतरी हो ना म्हणालं. शेवंताबाईने डोळे पुसले. आबा कुठे परके आहेत, आणि आगीत सगळं जळतंच, असं बाया आपापसांत बोलू लागल्या. टोपल्या लांबूनच रिकाम्या केल्या आणि चहाची वेळ टळतेय म्हणत घराकडे निघाल्या. त्या घरांमध्ये त्या सकाळीही शेगड्या पेटल्या आणि चहा उकळला. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढं आपण ऐकलेलं असतं. पण माणसं इथवर जातील असं द्रौपदाबाईला वाटलं नव्हतं. मघाशी कुंडी बघून आली नव्हती इतकी किळस तिला आता माणसांची आली.

घरी येऊन तिने शेगडीची चावी बंद केली. तानुबाईने कारण विचारलं, तेव्हा तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हातारीने विझलेल्या शेगडीवर हात ठेवून पाहिला.

"त्या बठ्ठास्ले चालस," ती म्हणाली. "मंग आपलेच कसाले घाण वाटस?"

द्रौपदाबाईने पहारीने नळी उपटली, गुंडाळून आबांच्या गोठ्याच्या दाराशी नेऊन टाकली, आणि आल्यावर निवडुंगावर चूल पेटवली. तानुबाई खोकत राहिली. ते ऐकताना द्रौपदाबाईचा जीव तुटत होता, पण ती उठली नाही.

कुंडीत ती पुन्हा उतरली नाही. आबांनी आधी निरोप पाठवले, मग मजुरी वाढवून देतो म्हणाले, मग वाड्यातल्या दुसऱ्या बाया बघितल्या. पाइप आता सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे कोणी तयार होईना. आणि गावातल्या ज्यांना आबांचं चालत होतं, त्यांच्यातलं एकही माणूस काठी घेऊन कुंडीशी आलं नाही. न कालवलेलं शेण साचून खालची नळी तुंबली, टाकी बसली, शेगड्या विझल्या. संडास मात्र कोणी बंद केले नाहीत. वरून येतच होतं. कुंडी भरली आणि एका सकाळी काठावरून वाहू लागली. उताराने, सवयीप्रमाणे, वाड्याकडेच निघाली. मंदाबाईच्या दाराशी ओघळ आला.

आबांचा छगन सांगत आला की, द्रौपदाबाईला बोलावलंय, कुंडी साफ करून दे, मजुरी मिळेल.

द्रौपदाबाई उठली, घरातून फावडं घेतलं. मंदाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि आपलंही आणलं. मग आणखी दोघी-तिघी आल्या. या बायांचा जन्म दुसऱ्यांच्या शेतात पाणी भरण्यात गेला होता. कुठे पाटाचं बारं फोडायचं, कुठे बांधायचं, पाणी कुठे वळेल आणि कुठे मुरेल, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. वाड्याच्या अंगाला त्यांनी मातीचा चांगला हातभर बांध घातला. दुसऱ्या अंगाला कुंडीच्या तोंडापासून एक सरळ पाट ओढला, शेणाने लिंपून घेतला म्हणजे वाटेत मुरायला नको. मग द्रौपदाबाईने बारं फोडलं.

पाणी वळलं आणि संथपणे गिरधर नानांच्या अंगणात शिरलं. सारवलेल्या अंगणात ते पसरलं, तुळशीच्या कट्ट्याला वळसा घालून ओसरीच्या पायरीला लागलं. नाना पूजेवरून उठून बाहेर आले, एक पाय उचलून पायरीवरच थांबले.

"हाई कोनी सोडं आथं?"

द्रौपदाबाई फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून पाटाच्या तोंडाशी उभी होती. ती जागची हलली नाही.

"पाणी आम्ही वळाडं, नाना," ती म्हणाली. "बाकी बठ्ठं आबानं शे. आम्हना वाडानं त्यामा काही नही."

नानांनी आत वळून सुनेला हाक मारली, आणि बादली-खराटा आण म्हणाले.